‘एका संध्याकाळी बाईक रेससाठी पास’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेल्या रविवारी खानापूरहून भाचा त्याची यामाहा आर15 बाईक घेऊन बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या शेडवर आला. गाडी स्टँडवर घेतली, खाली वाकून बघितलं तर इंजिनचं तेल काढायच्या ड्रेन बोल्टवर राखाडी पुट्टीचा गोळा थापलेला. गळक्या नळाला दोन कांड्या मळून लावतात ना, तीच पुट्टी. हे काय म्हणून विचारलं तर त्यानं मोबाइल पुढं केला. “मामा, हे वाच की. लई सोपं दिलंय.”

तो मेसेज मी त्याआधी दोन ग्रुपवर बघितला होता आणि सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. ज्यांच्यापर्यंत तो आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मथळा आहे ‘एका संध्याकाळी, 300 रुपयांत तुमची रोजची बाईक रेसच्या स्क्रूटिनीत पास’. स्क्रूटिनी म्हणजे शर्यतीआधी होणारी गाडीची तपासणी. खाली सात मुद्दे. कूलंट काढू नका, पाणी घातलं तर इंजिन जळतं. बोल्टला तार बांधणं हा जुना देखावा आहे, पुट्टी किंवा झिप टाय लावा. हेडलाइट-आरशांवर टेप मारली की पुरे. साइड स्टँड दोरीनं बांधून टाका. ब्रेक ऑइल डॉट 5 घाला, आकडा जेवढा मोठा तेवढा ब्रेक भारी. जीन्स आणि साधं जाकीट चालतं. आणि शेवटी, तपासणारे काही उघडून बघत नाहीत, ओळख असली की काम होतं.

मी उद्यमबागेत लेथ आणि ड्रिलिंगचं काम करतो. स्वतः थोडं चालवलं, त्याहून जास्त वेळा दुसऱ्यांच्या गाड्यांचा मेकॅनिक म्हणून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, उभा राहिलो. तेवढ्या अनुभवावर बोलतोय.

सगळ्यात आधी कूलंट, कारण सगळ्यात घातक मुद्दा तोच आहे. रस्त्यावरच्या गाडीच्या रेडिएटरमध्ये जो हिरवा, निळा किंवा गुलाबी द्रव असतो त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं. ते तेलासारखं निसरडं. पाणी डांबरावर सांडलं तर तापलेल्या ट्रॅकवर काही मिनिटांत उडून जातं. ग्लायकॉल उकळायला 197 अंश लागतात, ते उन्हानं उडत नाही. तिथंच पातळ थर धरून बसतं, आणि वरून बघितलं तर नुसतं ओलं दिसतं.

काही वर्षांपूर्वी नवशिक्यांच्या एका शर्यतीत मी पिटच्या भिंतीला टेकून उभा होतो. पुढं चाललेल्या एका गाडीच्या रेडिएटरची होज, म्हणजे रबरी नळी, सुटली. चालवणाऱ्याला पत्ताच नाही, तो वळण घेऊन निघून गेला. मागून आलेला मुलगा गाडी झुकवून वळणात शिरला आणि पुढचं चाक एकदम गेलं. त्याच्या मागचाही त्याच जागी पडला. एकाचं कॉलरचं हाड मोडलं. या दोघांच्या गाड्यांत काहीही चूक नव्हती. शर्यत थांबवायचा लाल झेंडा लागला आणि ट्रॅकवरचे मार्शल ती जागा पाणी मारमारून, घासून धूत बसले. इनमीन लिटरभर कूलंट असेल. ज्याची होज सुटली त्याला खरचटलंसुद्धा नाही. ‘कूलंट राहू द्या’ असं बिनधास्त लिहिणाऱ्यानं हे डोळ्यांनी बघितलं असतं तर लिहायला हात धजला नसता.

आता ‘पाण्यानं इंजिन जळतं’ हे घ्या. पाणी 100 अंशांना उकळतं हे शाळेत शिकलोच. पण रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नसतं, ते आत दाब धरून ठेवतं. झाकणावर 1.1 लिहिलेलं असतं ना, ते बार. तेवढ्या दाबाखाली तेच पाणी साधारण 120 अंशांपर्यंत उकळत नाही. शिवाय उष्णता वाहून न्यायला साधं पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरस. झाकणाचं रबर शाबूत असेल, होज फुगलेल्या नसतील आणि रेडिएटरच्या जाळीत चिखल बसलेला नसेल तर आर15सारखं इंजिन पाण्यावर आरामात पळतं.

या मुद्द्यात एक गोष्ट खरी आहे, तेवढी मान्य करतो. नुसतं पाणी महिनोन्महिने आत ठेवलं तर गंज धरतो. पाण्याच्या पंपाच्या सीललाही कूलंटमधल्या रसायनांचा आधार असतो. म्हणून शर्यत झाली की पाणी काढायचं आणि रस्त्यावर जायच्या आधी परत कूलंट भरायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. पाणीही नळाचं नको. बेळगावला येणारं राकसकोपचं पाणी प्यायला कितीही गोड असलं तरी त्यात क्षार आहेतच. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणा. जुनं कूलंट काढल्यावर एकदा पाणी भरून भागत नाही. भरा, इंजिन गरम होईपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, काढा. असं तीनदा तरी करा. शेवटच्या वेळी निघालेलं पाणी दोन बोटांत चोळून बघा. बुळबुळीत लागलं तर अजून एकदा. स्क्रूटिनीला झाकण उघडून हेच करतात. आणि काढलेलं कूलंट गटारात किंवा परड्यात ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. भाच्याच्या घरी दाराशी वासरू बांधलेलं असतं, म्हणून त्याला हे दोनदा बजावलं.

दुसरा मुद्दा तारेचा. याच्यावर मला जास्त राग आहे, कारण भाच्यानं तो करूनच आणला होता.

ती पुट्टी काढायला मी हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घेतला, पण लागला नाही. कडेला नख घातलं आणि अख्खा गोळा भाकरीचा पापुद्रा निघावा तसा उचलून हातात आला. त्याच्या आतल्या बाजूला काळं तेल चमकत होतं. ड्रेन बोल्टच्या भोवती तेलाचा ओशटपणा असतोच, त्यावर पुट्टी धरत नाही. ही दोन दिवसांपूर्वी लावलेली, खानापूर ते बेळगाव एवढंच पळालेली. भाचा म्हणाला, “पण बोल्ट ढिला होतोय कशाला मामा, घट्ट बसवलाय की.” घट्ट बसवलेलाच बोल्ट ढिला होतो. एक सिलिंडरचं इंजिन दहा हजार आरपीएमवर तासभर थरथरलं की वॉशर दबतो, बोल्टचा ताण उतरतो आणि तो हळूहळू फिरायला लागतो. आत जवळपास लिटरभर गरम तेल आहे आणि ते पडणार स्वतःच्याच मागच्या टायरवर.

झिप टायचंही तेच. साधा नायलॉनचा टाय साधारण 85 अंशांपर्यंतच्या कामाचा असतो. शर्यतीत इंजिनचं तेल शंभराच्या वर जातं. तो ताणला जातो, मग तुटतो.

तार बोल्टला घट्ट करत नाही, हे आधी समजून घ्या. घट्ट बसवायचं काम पान्याचं. तार फक्त त्याला मागं फिरू देत नाही. विमानाच्या इंजिनावरही बोल्ट असेच तारेनं बांधतात. त्याला कोणी देखावा म्हणत नाही.

करायचं कसं तेही सांगतो. बोल्ट काढून व्हाइसमध्ये धरा. हेक्सच्या एका सपाट बाजूवर, कोपऱ्याच्या जवळ सेंटर पंच मारा, नाहीतर ड्रिल घसरतं. दीड मिलिमीटरचं चांगलं एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल, कमी स्पीड, थोडं कटिंग ऑइल. कोपरा तिरका छेदून शेजारच्या बाजूनं बाहेर काढा. दर दोन मिलिमीटरला ड्रिल मागं घेऊन बुरा काढा. घाई केली की कट्‌ आवाज येतो आणि टोक आत अडकतं, मग तो बोल्ट भंगारात. तार स्टेनलेसची, 0.8 मिलिमीटर. दोन्ही पदरांना सारखा पीळ द्या आणि दुसरं टोक इंजिनाच्या पक्क्या जागेला अडकवा. ओढ नेहमी बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेनं हवी. उलट्या दिशेनं बांधलेली तार दिसायला तशीच दिसते, पण तिचा उपयोग शून्य. कापलेलं टोक आत वळवा, नाहीतर पुढच्या वेळी हात फाटतो.

एफआयएम म्हणजे मोटरसायकल खेळाची आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या रोड रेसिंगच्या तांत्रिक नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे की सगळे ड्रेन प्लग तारेनं बांधलेले हवेत, आणि तेलाच्या पोकळीत शिरणारे बाहेरचे फिल्टरचे स्क्रू-बोल्टही. त्याच नियमांत आहे की खालचं फेअरिंग, म्हणजे इंजिनाखालचं आवरण, असं बंद हवं की इंजिन फुटलं तर निदान निम्मं तेल आणि पाणी त्यात साठून राहावं. म्हणजे तारेवरही भरवसा न ठेवता खाली पातेलं धरायला सांगितलंय, आणि इथं मेसेजवाला तारच सोडायला सांगतोय. आपल्याकडची शर्यत एफएमएससीआयच्या, म्हणजे भारतातल्या मोटर स्पोर्ट्सच्या संस्थेच्या, परवान्याखाली होते. प्रत्येक स्पर्धेचं आणि वर्गाचं स्वतःचं नियमपत्रक निघतं. ते आधी मागवा आणि ओळ न ओळ वाचा. तिथं शेवटचा शब्द त्या पत्रकाचा. माझाही नाही.

बाकीचे मुद्दे भराभर.

टेपचं अर्धं खरं आहे. नुसत्या सरावाच्या दिवशी, ट्रॅक डेला, काही ठिकाणी दिव्यांवर टेप चालते. हे ऐकून कोणीतरी ते शर्यतीला लावलंय. शर्यतीला हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, हॉर्न, नंबर प्लेटची पट्टी, मागच्याचे फूटरेस्ट, ग्रॅब रेल हे सगळं उतरवायचं. आणि हे उतरवल्यावर गाडी रस्त्यावर काढायची नाही. चेन्नईजवळच्या ट्रॅकला इथून आठशे किलोमीटरच्या वर जायचंय, ते टेम्पोतूनच.

साइड स्टँड दोरीनं बांधायचा नाही, काढायचा. वळणात गाडी झुकते तेव्हा दोरी सुटली तर स्टँड डांबरात रुततो आणि गाडी चालवणाऱ्याला उचलून फेकते. नव्या गाड्यांत स्टँडला स्विच असतो. स्टँड काढला की त्याचं वायरिंग नीट करून घ्या, नाहीतर गिअर टाकला की इंजिन बंद पडेल.

डॉट 5चा सल्ला वाचून तर मी मोबाइल खाली ठेवला. डॉट 3, 4 आणि 5.1 ही एका जातीची. डॉट 5 हे सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं, ते यांच्यात मिसळत नाही. ज्या गाडीच्या झाकणावर डॉट 4 लिहिलंय तिच्यात ते ओतायचं नाही. आकड्याचा ब्रेकच्या जोराशी संबंध नाही. डॉट 4चं नवं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ती मर्यादा 155पर्यंत उतरू शकते. इथल्या पावसाळ्यात वर्षभर न बदललेलं ऑइल कसलं असणार ते समजून घ्या. म्हणून शर्यतीआधी सीलबंद बाटलीतलं ताजं डॉट 4 भरा आणि ब्रेकच्या नळीतली हवा काढा. बास.

कपड्यांबद्दल वाद घालत बसत नाही. चामड्याचा सूट, घोट्याच्या वर जाणारे बूट, मनगट झाकणारे ग्लोव्हज, आणि नियमपत्रकात लिहिलेल्या मानकाचं हेल्मेट. यात पैसे वाचवायचे असतील तर या वर्षी जाऊ नका, पुढच्या वर्षी जा.

राहिला शेवटचा. तपासणारे सगळं उघडून बघत नाहीत, हे खरं आहे. एका गाडीला त्यांच्याकडं जेमतेम दहा मिनिटं असतात. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतात, टाकी आणि हँडलमध्ये बोटं चिरडणार नाहीत एवढी जागा आहे का बघतात, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडल्यावर आपोआप बंद होतो का, इंजिन बंद करायचा किल स्विच चालतो का, लिव्हरच्या टोकाला गोळा आहे का, चाक हलवून बेअरिंगचा खेळ बघतात. आणि तार बघतात. तार वाकून एका नजरेत कळते, ती आहे की नाही, ताणलेली आहे की ढिली. पुट्टीच्या आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही. ओळखीनं पास झालात तरी पहिल्या वळणात तुमच्या मागं वीसेक पोरं असतात. त्यांची कुठं ओळख असते?

पोरांनी ट्रॅकवर जावं असं मला मनापासून वाटतं. चोर्ला घाटात समोरून टँकर येत असताना गुडघा टेकवण्यापेक्षा ते शंभरपट बरं. म्हणूनच असले मेसेज बघून जीव जळतो. ज्या ग्रुपवर तो आला असेल त्याच ग्रुपवर हे पाठवा.

रविवारी संध्याकाळी भाच्याला ड्रिलसमोर बसवलं. ड्रेन बोल्ट, तेल भरायचं झाकण आणि ऑइल फिल्टरच्या कव्हरचे बोल्ट. चार ड्रिलं मोडली, पाचव्यानं भोकं पडली. ड्रेन बोल्टची तार बरोबर बांधली. झाकणाची उलट्या दिशेनं बांधली होती, ती कापून त्याच्या हातात दिली. येत्या शनिवारी परत येतोय.