‘डोळे झाकून कॉम्प्युटर घ्या’ या मेसेजला उत्तर

अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की नातेवाइकांच्या ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज येतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: कॉलेज कुठलंही चालेल, ब्रँच मात्र कॉम्प्युटरच घ्या. पुण्या-मुंबईबाहेर जाऊ नका. साध्या कॉम्प्युटरपेक्षा नावात एआय असलेली ब्रँच पुढची. कॉलेज निवडताना सर्वांत मोठं पॅकेज बघा. आणि कॅप राउंडच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, भरवशावर बसू नका, मॅनेजमेंटची सीट आधीच धरून ठेवा.

यंदा तो साताऱ्याहून माझ्या वहिनीने पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. ‘एका कॉलेजातून फोन आलाय, आज दीड लाख भरले तर सीट पक्की म्हणतात. भरू का?’ मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, बारा वर्षं कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांच्या मुलाखती घेते, आणि दर जुलैत घरातल्या कुणाच्या ना कुणाच्या पसंतीक्रमाला बसते. वहिनीला फोनवर जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते.

सुरुवात मेसेजच्या शेवटच्या मुद्द्यापासून, कारण त्यात पैसे जातात. खासगी विनाअनुदानित कॉलेजातल्या साधारण ८० टक्के जागा कॅपमधूनच भरतात, संस्था पातळीवर उरतात त्या २० टक्के, त्यांनाच मॅनेजमेंटच्या सीट म्हणतात. त्या जागासुद्धा जाहिरात देऊन, अर्ज मागवून, गुणवत्ता यादी लावून भरायच्या असा नियम आहे. फोनवर ‘पक्की’ होणारी सीट या नियमात कुठेच बसत नाही. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या शुल्कापलीकडे, पावतीशिवाय कुणी रक्कम मागत असेल तर ती कॅपिटेशन फी, आणि आपल्या राज्यात तिला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. प्रत्येक कॉलेजचं मंजूर शुल्क प्राधिकरणाच्या वेबसाइटवर बघता येतं. फोन करणाऱ्याला आधी तो आकडा विचारा.

दुसरं नुकसान पटकन लक्षात येत नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार पूर्ण भरतं, पण प्रवेश कॅपमधून झाला असेल तरच. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या ५ टक्के जादा जागाही कॅपमधूनच मिळतात. घाबरून आधीच मॅनेजमेंटची सीट धरणारं कुटुंब हे सगळं न बघताच सोडून देतं. वहिनीला मुलगी असती आणि ती या अटींत बसली असती तर त्या दीड लाखांबरोबर चार वर्षांची फी-माफीही गेली असती. पैसे भरून झाले असतील तर हेही माहीत असू द्या: वर्ग सुरू होण्याआधी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी शुल्क परत द्यावं, मूळ कागदपत्रं अडकवून ठेवू नयेत, असा एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेचा, नियम आहे.

आता ‘कॉलेज कुठलंही, ब्रँच कॉम्प्युटर’. मुलाखतीत आम्ही काय विचारतो ते सांगते. लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखव. टेबलवर इंडेक्स लावल्यावर क्वेरी वेगाने का चालते? दोन थ्रेड एकाच व्हेरिएबलमध्ये लिहायला लागले तर काय होईल? कॉम्प्युटरची पदवी हातात असलेली कितीतरी मुलं पहिल्याच प्रश्नाला अडकतात. खोदून विचारलं की कळतं, प्रॅक्टिकलची फाइल सिनिअरकडून उतरवलेली होती आणि डेटा स्ट्रक्चरला वर्षभर कायम शिक्षकच नव्हता. चांगल्या विभागातून ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) करून आलेली मुलं सी भाषेत पॉइंटर सहज वापरताना मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी वाटा बंद नाहीत. गेटचा, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा, कॉम्प्युटरचा पेपर दुसऱ्या शाखेच्या पदवीवरही देता येतो, आणि पुष्कळ कॉलेजांत १८ ते २० जादा क्रेडिट करून कॉम्प्युटरमध्ये मायनर, म्हणजे जोडविषय, घेता येतं. दोन्हीकडचे विभाग सारखेच चांगले असतील आणि मुलाला प्रोग्रामिंगच करायचं असेल, तर कॉम्प्युटर घ्यावं, यात वाद नाही. माझा आक्षेप ‘डोळे झाकून’ या दोन शब्दांना आहे.

पॅकेजच्या मुद्द्यावर जरा थांबते, कारण शिकलेसवरलेले पालकही इथे फसतात. फ्लेक्सवर सर्वांत मोठा आकडा असतो, तो एका मुलाचा. खाली ‘सरासरी’ असते. समजा ६० मुलांना नोकरी लागली; तिघांना ४० लाख, उरलेल्या ५७ जणांना साडेतीन लाख. सरासरी निघते ५.३ लाख, आणि तेवढा पगार त्या साठांत एकालाही नाही. पगार चढत्या क्रमाने मांडून मधला उचलला तर तो साडेतीन लाख. यालाच मध्यक म्हणतात आणि तुमच्या मुलाला काय मिळेल याचा अंदाज त्याच्यावरून बांधायचा. शिवाय ही सरासरी नोकरी लागलेल्यांची असते. वर्गात १८० होते की ६०, हे फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं.

हे आकडे मिळवायला ओळखीपाळखी लागत नाहीत. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजला आपली भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. तळाशी एनआयआरएफ नावाची लिंक असते, तिच्यातली पीडीएफ उघडा. चार वर्षांच्या पदवीच्या तक्त्यात किती मुलांनी प्रवेश घेतला, किती वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, पगाराचा मध्यक किती, किती जण पुढे शिकायला गेले, हे ओळीने दिलेलं असतं. तो आकडा सगळ्या शाखांचा मिळून असतो, फक्त कॉम्प्युटरचा नसतो, एवढं ध्यानात ठेवा. तरी तीन वर्षांच्या पीडीएफ शेजारी शेजारी ठेवल्या की कॉलेज कळायला लागतं. मी तर आधी ‘वेळेत पास’ हा रकाना बघते. प्रवेश आणि वेळेत पास यांत मोठी दरी असेल तर पॅकेजपर्यंत जायची गरजच उरत नाही.

एआय नावाच्या ब्रँचबद्दल थोडक्यात. या शाखा वाईट नाहीत, पण नुसत्या नावावरून ठरवू नका. अभ्यासक्रमाची पीडीएफ काढा आणि डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क, अल्गोरिदम हे पाचही विषय पूर्ण आहेत का ते तपासा. असतील तर खुशाल घ्या. खरी अडचण शिकवणाऱ्यांची आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीईने एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादा काढली. जागा मंजूर व्हायला एक कागद पुरतो, शिक्षक तयार व्हायला वर्षं लागतात. एआयसीटीईचं प्रमाण वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं आहे. दरवर्षी १८० मुलं घेणाऱ्या विभागात पहिलं वर्ष सोडलं तरी ५४० मुलं होतात, म्हणजे २७ शिक्षक हवेत. कॉलेजला वेबसाइटवर सक्तीने जाहीर कराव्या लागणाऱ्या माहितीत (मॅन्डेटरी डिस्क्लोजर) विभागातल्या शिक्षकांची यादी असते, नावं मोजा. मग एखाद्या दिवशी कॉलेजात जा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये विचारा, यातले खरोखर वर्गावर कोण येतात.

इथेच मानांकनाचंही सांगते. नॅक आणि एनबीए ही दर्जा तपासून दिली जाणारी मानांकनं; नॅक संपूर्ण संस्थेला मिळतं, एनबीए एकेका शाखेला. कॉलेज ‘ए प्लस’ असलं तरी नव्या शाखेला एनबीए असेलच असं नाही. सदस्य देशांनी एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्यांचा दर्जा मानायचा, असा वॉशिंग्टन करार आहे; २०१४ पासून एनबीए त्याचा पूर्ण सदस्य आहे, म्हणून पुढे बाहेरदेशी जायचा विचार असलेल्यांनी शाखेचं एनबीए आवर्जून बघावं.

राहिलं पुणे-मुंबई. इथे इंटर्नशिप मिळणं सोपं आहे हे मान्य. पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय मिळत असेल तर विचार करत बसू नका. पण वहिनी साताऱ्याची. सातारा जिल्हा शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. मुलाची बारावी तिथली, त्यामुळे पुण्याच्या संलग्न कॉलेजांत तो ‘बाहेरच्या विद्यापीठाचा’ ठरतो. कटऑफच्या यादीत जागेच्या कोडचं शेवटचं अक्षर बघा: एच म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या मुलांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्यभरासाठी. एकाच कॉलेजात या अक्षरांवरून कटऑफ बदलतो. अनेक पालक चुकीच्या रांगेतला आकडा बघून एक तर खचतात, नाहीतर निर्धास्त होतात. आणि वहिनीच्याच जिल्ह्यात कराडचं शासकीय अभियांत्रिकी आहे, १९६० पासूनचं. पुढे सांगलीला वालचंद आहे, १९४७ चं. मराठवाड्यातल्यांना नांदेडचं गुरू गोविंदसिंगजी आहे, १९८१ पासून. पुण्याच्या उपनगरातल्या कालपरवा निघालेल्या कॉलेजसाठी, कॉट बेसिसचं भाडं आणि मेसचे पैसे भरत, या जुन्या कॉलेजांना डावलायचं कशासाठी? नोकरीच्या पहिल्या फेरीची परीक्षा आता बहुतेक कंपन्या ऑनलाइनच घेतात, ती कराडला बसूनही देता येते.

पसंतीक्रम भरताना एक नियम लक्षात असू द्या. २०२५ च्या प्रवेशात कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली तर ती घ्यावीच लागायची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कुठलीही. नाकारली की पुढच्या फेरीतून बाहेर. यंदाची माहितीपुस्तिका आली की हा भाग आधी वाचा, नियम बदललेलाही असू शकतो. वहिनीने दीड लाख भरले नाहीत. रविवारी ती आणि भाचा पुण्याला येतायत. वरची सहा नावं लिहिण्याआधी त्या सहाही कॉलेजांच्या एनआयआरएफच्या पीडीएफ आणि शिक्षकांच्या याद्या छापून आणायला मी भाच्याला सांगितलंय.