खुलासा: नकाशावर जवळ दिसणारा मुक्काम फाटकाजवळ असतोच असं नाही

'नकाशावर राष्ट्रीय उद्यानाचं नाव टाका आणि सगळ्यात कमी अंतराचा मुक्काम घ्या, तोच जंगलाला जवळचा' असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि त्यामुळे लोकांच्या सहलीचे दिवस रस्त्यात जातात, म्हणून हे लिहिते आहे.

नकाशावरची खूण बहुधा उद्यानाच्या मध्यावर कुठेतरी असते. तिच्यापासूनचं सरळ रेषेतलं अंतर निरुपयोगी. मोजायचं ते फाटकापर्यंतचं रस्त्याने अंतर, आणि तेही तुम्ही ज्या फाटकातून आत जाणार त्याचं. दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर उत्तर-दक्षिण सुमारे ३५० किलोमीटर लांब आहे, आत डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५०. चुकीच्या टोकाला खोली घेतली तर दिवस गाडीतच संपतो. शिवाय फाटकांच्या वेळा ऋतूनुसार बदलतात. संध्याकाळी फाटक बंद होण्याआधी बाहेर पडावंच लागतं, किंवा आतल्या शिबिरात मुक्काम हवा.

अमेरिकेतल्या यलोस्टोनला ५ प्रवेशद्वारं आहेत, पण साध्या गाड्यांसाठी वर्षभर उघडी असतात ती फक्त दोन, उत्तरेचं आणि ईशान्येचं. हिवाळ्यात पश्चिमेच्या दारापाशी खोली घेणाऱ्याला हे आधी कुणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुक्कामाच्या नावात उद्यानाचं नाव असणं हाही पुरावा नव्हे. आधी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर कुठलं फाटक कधी उघडं आहे ते बघा, मगच खोली शोधा.