पास मिळालाय, तर जाऊन या

सांगलीत पियानोची मैफल आहे, सोबतीला दोन व्हायोलिन, आणि व्हायोलिनचीच थोरली भावंडं म्हणजे एक व्हिओला, एक चेलो, आणि तुमच्या हातात दुसऱ्या रांगेचा पास आहे. तिकीट काढलं असतं तर ऐकावं लागलं असतं. पास आहे, निर्धास्त राहा.

सहाची वेळ असेल तर पावणेसातला पोचा. तोवर सत्कारच चालतात. समई ठेवायला जागा सापडत नसेल तर आयोजकांना पियानोचं झाकण सुचवा. नऊ फुटी ग्रँड पियानो, वजन पाच क्विंटलच्या आसपास, वर एवढी गुळगुळीत जागा. शाली, श्रीफळं, पुष्पगुच्छ, पाण्याच्या बाटल्या, सगळं मावतं. ते झाकण उघडायचं असतं म्हणून वादक कोपऱ्यात ताटकळेल. ताटकळू दे. पट्ट्यांना हळद-कुंकू मात्र वाहायलाच हवं. हळदीच्या पेठेत येऊन ५२ पांढऱ्या पट्ट्या कोऱ्या परत गेल्या तर गावाची अब्रू काय राहिली?

अध्यक्ष विष्णुदास भाव्यांपासून सुरुवात करतील. इथे माईक हातात आला की १८४३ सालचं ‘सीता स्वयंवर’ आल्याशिवाय राहत नाही. गंमत म्हणजे आज ते चक्क शोभलं असतं. आज वाजणारं पियानो क्विंटेट, म्हणजे पियानोसह पाच वाद्यांची रचना, जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमाननं लिहिलं १८४२ साली, आणि जाहीर कार्यक्रमात ते पहिल्यांदा वाजलं १८४३ च्या जानेवारीत, लाइप्झिगला. पियानोवर त्याची बायको क्लारा. त्याआधीच्या खासगी बैठकीला ती आजारी पडली, तर मेंडेल्सन या दुसऱ्या संगीतकारानं कागद समोर ठेवून तिथल्या तिथे वाजवून दिलं होतं. पण हे अध्यक्षांच्या कानावर जाऊ देऊ नका. भाषण अर्ध्या तासानं वाढेल, आणि अख्खं क्विंटेटच अर्ध्या तासाचं आहे.

वादन सुरू झालं की शेजाऱ्याला जरा मोठ्यानं विचारा, “एवढे मोठे कलाकार, पण पाठ नाही का हो?” पियानोजवळ बसून पानं उलटणाऱ्या मुलीकडे बोटही दाखवा. चार भागांच्या मधे टाळ्या वाजवू नयेत, असं कोणी दटावलं तर खुशाल वाजवा. शुमानच्या काळात लोक मधे टाळ्या वाजवतच. एवढ्या एका बाबतीत तुमची बाजू खरोखर भक्कम आहे.

दुसरा भाग अंत्ययात्रेच्या चालीचा. सुरावट दोन पावलं टाकते, थांबते, पुन्हा टाकते. भडंगाची पुडी इथेच उघडायची. एका झटक्यात फाडाल तर मजा गेली. कोपरा चिमटीत धरा, व्हायोलिन थांबलं की थोडं ओढा, कर्र. सूर आला की थांबा. पुन्हा शांतता, पुन्हा कर्र. मग तळलेला लसूण बोटानं शोधायचा, तो नेहमी तळाशी असतो. शेंगदाणे शेवटी, दाढेखाली, एकेक.

या रचनेत पियानोला उसंत अशी फारशी नाहीच. बोटं पळत असताना तो माणूस डोळ्यांच्या कोपऱ्यातून चेलोवाल्याकडे बघत असतो. हात दाखवणारा कोणी नसतो, एक श्वास आणि भुवईची हालचाल, तेवढ्यावर पाचही जण समेवर यावेत तसे एका क्षणी उतरतात. ते दिसू नये म्हणून मोबाइल डोळ्यांसमोर घट्ट धरा. व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाका. उघडणार कोणी नाही, पण अंगठे येतील.

शेवटच्या भागात एके ठिकाणी सगळे थबकतात. पुढच्या क्षणी अगदी पहिल्या भागातली सुरावट परतते आणि चालू सुरावटीत गुंफली जाऊ लागते. ज्याच्यासाठी यायचं ते हेच. संपलं समजून उठायची वेळही हीच. तिघांचे गुडघे ओलांडून बाहेर पडा, गाडी गर्दीच्या आधी गेटपाशी लावा आणि परत आत या, कारण कलाकाराला भेटायचं राहिलंय. खांद्यावर हात ठेवून म्हणा, “छान झालं हं, फक्त तबला हवा होता.” त्यानं नमस्कार केला की लगेच विचारा, “आमच्या नातीला सुट्टीत क्लास लावायचाय. घरी कॅसिओ आहे. पंधरा दिवसांत दोन गाणी बसतील ना?”