साधं ताटही दाखवा की!

पाहुणे येणार म्हणून केलेलं जेवण सगळेच फोटो टाकून दाखवतात. आठवड्याच्या मधल्या वारी, दमून घरी आल्यावर, फ्रीजमध्ये जे सापडलं त्यातून जे काही उभं केलं ते मात्र कुणी दाखवत नाही. माझं म्हणणं असं की काही दाखवायचंच असेल तर ते दाखवा.

स्वयंपाकातलं सगळ्यात दमवणारं काम चिरणं-परतणं नव्हेच. भांडी घासणं त्याच्या जवळपास येतं, मान्य. पण खरं डोकं खातं ते 'आज काय करायचं?' हे ठरवणं. ते रोज करावं लागतं, ते करताना कुणाला दिसत नाही, आणि घरात 'काहीही चालेल' म्हणणारी माणसं असली तर विचारूच नका. 'काहीही' नावाचा पदार्थ आजवर कुणी शिजवलेला नाही. शिवाय 'काहीही' म्हणणाराच पुढे ताटावर बसून 'हे का केलं?' असं विचारतो, हा माझा अनुभव.

अशा वेळी सजवलेल्या ताटाचा फोटो काही कामाचा नसतो. त्यातल्या निम्म्या वस्तू घरात नसतात आणि उरलेल्या आदल्या रात्री भिजवायला हव्या होत्या. उलट एखादी मैत्रीण 'अर्धा फ्लॉवर उरला होता, बारीक चिरून परतला, वर दोन अंडी फोडली, पोरांनी कुरकुर न करता खाल्लं' एवढंच लिहिते आणि माझी संध्याकाळ मार्गी लागते. फ्लॉवर नसेल तर कोबी घेईन. तिनं मला रेसिपी दिली नाही, पण हे असंही करता येतं एवढं सांगितलं, आणि घरच्या स्वयंपाकाला बहुतेक वेळा तेवढंच लागतं.

छापील रेसिपींवर माझा राग आहे तो वेळेच्या आकड्यांमुळे. 'कांदा पाच मिनिटं परतून छान तांबूस करून घ्या.' कुणाच्या घरी होतो हो असा कांदा? कांद्याच्या वजनात नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणी असतं. ते उडून जाईपर्यंत कढईतला कांदा १०० अंश सेल्सिअसच्या फारसा वर चढत नाही. आणि आपल्याला हवा असलेला तो खरपूस रंग आणि वास मुख्यतः साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातल्या रासायनिक क्रियेतून येतो. ती जोर धरते साधारण १४० अंशांच्या आसपास. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. म्हणजे आधी पाणी जाणार, मग रंग येणार. मंद आचेवर मऊ, गोडसर, सगळीकडून सारखा तांबूस कांदा हवा असेल तर अर्धा-पाऊण तास धरून चाला. आच वाढवून घाई केली तर कडा करपतात आणि आतून कच्चा राहतो.

रोज रांधणाऱ्यांना हे मायारचं नाव न ऐकताही ठाऊक असतं. त्यांच्या सांगण्यात ते आपोआप येतं: 'कांदा टाकला, तेवढ्यात कपडे वाळत घातले, येऊन एकदा हलवला, मग कोपऱ्यात बसून फोन केला.' ही वाक्यं मला सोन्यासारखी वाटतात, कारण त्यांत खरी वेळ असते. कढईत मशरूम किंवा वांगी एकदम कोंबली की ती परतली न जाता आपल्याच पाण्यात शिजतात, त्याचंही कारण तेच. पसरून, दोन खेपांत करा. हे शिकायला पुस्तक लागलं नाही, कुणीतरी 'गर्दी केली आणि लगदा झाला' असा फोटो टाकला होता तो पुरला.

फोटोवरून आठवलं. घरचं चांगलं जेवण बरेचदा तपकिरी दिसतं. त्याला इलाज नाही. दीर्घकाळ शिजलेल्या कुठल्याही रश्श्याचा फोटो काढा, चिखल दिसतो. त्यावर हिरवं काहीतरी भुरभुरवून तो सजवायचा खटाटोप मला केविलवाणा वाटतो. चिखल तर चिखल, चवीला कसा झाला ते सांगा ना.

चवीचंही तसंच. 'चवीनुसार मीठ' हे लिहिणाऱ्याच्या सोयीचं वाक्य आहे. जेवण सपक लागलं की आपला हात आधी मिठाकडे जातो, आणि कित्येकदा कमी असतं ते आंबट. शेवटी थोडं लिंबू पिळून पाहा. किंवा एखादा पिकलेला टोमॅटो आधीच घाला. त्यात आंबटपणा असतो आणि ग्लुटामेटही असतं, म्हणजे ज्याच्या चवीला किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं १९०८ मध्ये 'उमामी' असं वेगळं नाव दिलं तेच. लसूण ठेचून लगेच गरम तेलात टाकण्याऐवजी पाच-दहा मिनिटं तसाच ठेवला तर त्याचा ठसका जास्त टिकतो, कारण तो ठसका पाकळी फुटल्यावरच तयार व्हायला लागतो आणि उष्णतेनं ती क्रिया थांबते. असली बारीकसारीक माहिती थाटाच्या पोस्टमध्ये नसते. ती 'आज जरा वेगळं लागलं, का कोण जाणे' अशा गप्पांतून निघते.

आता आक्षेप. 'आम्ही काय जेवलो ते जगाला कशाला सांगायचं?' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. दिखाव्याचा कंटाळा मलाही आहे, पण कालच्या भाताचा फोटो टाकून कुणी मोठेपणा मिरवत नसतं. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: स्वयंपाकातला आनंद वगैरे ठीक, पण ज्याला तो रोज, तिन्ही त्रिकाळ, न विचारता करावा लागतो त्याला विचारा. बरोबर आहे. हौसेनं सुट्टीच्या दिवशी रांधणारा आणि रोज रांधणारी यांचा आनंद एका मापानं मोजता येत नाही. मला तर वाटतं, 'तुझ्या हाताला चव आहे' हे कौतुक फार स्वस्त पडतं. म्हणणाऱ्यानं उठून कांदा चिरावा. आणि म्हणूनही रोजचं ताट दिसायला हवं. ते दिसलं की त्यामागचं काम दिसतं.

उरलेल्याची लाज बाळगणं तर अजिबात सोडा. बऱ्याच रसभाज्या दुसऱ्या दिवशी जास्त मुरतात. गार झालेल्या भातातला स्टार्च घट्ट होतो, शितं सुटी होतात, आणि परतायला तोच भात बरा पडतो. ताज्या गरम भाताचा गोळा होतो. फक्त शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. तांदळात असलेल्या एका जिवाणूचे बीजाणू उकळण्यानंही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. पसरट भांड्यात लवकर गार करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. उरलेल्याचा फोटो टाकताना हेही एका ओळीत लिहीत जा, नवशिक्यांना कुणी सांगत नाही.

एकट्यानं राहणाऱ्यांना माझी खास विनंती आहे. 'एकट्यासाठी कोण करणार?' म्हणून तुम्ही बिस्किटं खाऊन झोपता, ठाऊक आहे. चौघांचं करा, तीन वाटे डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका, डब्यावर पदार्थाचं नाव आणि तारीख लिहा. नाही लिहिली तर महिन्याभरानं तो बर्फाचा ठोकळा सूप आहे की डाळ हे कळत नाही, आणि ते कोडं सोडवायला अख्खा डबा वितळवावा लागतो. मग त्या रात्री जे निघेल ते जेवण.