पाटीखालचा माणूस

सकाळी पावणेसात ते सव्वासात या वेळात नाशकात ज्याला उशीर झालेला नाही असा एकच प्राणी आढळतो, तो म्हणजे निवृत्त आजोबा. त्यामुळे नातीला शाळेत सोडायचं काम कुणी काही न ठरवता माझ्याकडे आलं. शाळा गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला. सातपूरची पहिली पाळी गाठणारे, क्लासला निघालेले आणि स्वतःच्याच पोरांना सोडायला आलेले, सगळे त्याच रस्त्यावरून जातात. यांत सगळ्यात सुसाट कोण, तर हे शेवटचे.

दिवाळीनंतर शाळेसमोर एक खांब उभा राहिला. वर सोलर पॅनेल, खाली 'तुमचा वेग' आणि त्याखाली लाल दिव्यांचा आकडा. मर्यादा २५. रस्ता ओलांडायला सावलीची जागा तेवढीच, म्हणून मी नातीचा हात धरून त्या खांबाखाली थांबू लागलो. डोक्यावर टोपी, हातात तिची पाण्याची बाटली. एवढ्यावरून लोकांनी मला त्या पाटीचा इनचार्ज ठरवलं.

पहिली तक्रार एका स्कूटरवाल्या काकांची. भर रस्त्यात स्कूटर थांबवून म्हणाले, "मी वीसने चाललोय, हिने सत्तेचाळीस कसे दाखवले?" मी मागे बोट दाखवलं. भाजीचे क्रेट भरलेली पिकअप नुकतीच धडधडत गेली होती. पाटीतलं रडार लहरी सोडतं, गाडीवर आपटून परत येताना त्यांची कंपनं किती बदलली यावरून वेग काढतं. आणि मोठ्या पत्र्यावरून येणारा प्रतिसाद जोरकस, त्यामुळे पिकअपपुढे स्कूटरचं कोण ऐकतो? डॉप्लर नावाच्या ऑस्ट्रियन प्राध्यापकाने १८४२ साली हे तत्त्व मांडलं, तेही ताऱ्यांच्या रंगांचा विचार करताना. एवढं सगळं मी सांगितलं. काका म्हणाले, "ते ठीक आहे, पण माझे वीस कुठे नोंदवायचे?"

मग एक ताई. "दंड किती?"

"दंड नाही. पाटी फक्त सांगते."

"एवढंच?" म्हणत त्यांनी ॲक्सिलरेटर पिळला. पाटी म्हणाली ४१.

कॉलेजची पोरं तर तिच्याशी खेळायलाच येत. "किती आले?" "एकावन्न!" "थांब, परत मारतो." पन्नासच्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. म्हणजे आमच्या बाईसाहेब बुटाची लेस पायाखाली आलीय हे बघायला वाकेपर्यंत अख्खं फाटक मागे पडतं. पुढे कुणीतरी येऊन पाटीत बदल केला. ठरावीक आकड्याच्या वर गेलं की वेग न दाखवता नुसतं 'हळू चला' लुकलुकतं. पोरांचं तोंड दहावीचा निकाल राखून ठेवल्यासारखं झालं. "काका, बंद पडली का हो तुमची पाटी?"

तुमची!

मध्यंतरी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी तरी सोडून दिलं की पाटीत कॅमेरा आहे. काय ती शिस्त! लोक १८ने जात होते, एकाने तर मला नमस्कार केला. कॅमेरा नाही हे कळलं आणि गाडी पुन्हा चाळिशीवर.

खरा इलाज नातीने काढला. ती नुकतीच मोठे आकडे वाचायला शिकलीय आणि वाचते ती खणखणीत. "आबा, अन्वीचे पप्पा! चव्वेचाळीस!" फाटकाशी उभ्या बाईंनी मान वळवली. अन्वीने कारच्या खिडकीत तोंड लपवलं. दंडाला न घाबरणारा माणूस बाईंच्या नजरेला घाबरतो, मग त्याचं वय कितीही असो. दुसऱ्या दिवशी तीच कार २४वर आली.

परवा ते अन्वीचे पप्पा गाडी कडेला लावून माझ्याकडे आले. आवाज खाली आणून म्हणाले, "काका, सकाळी सातच्या आत आकडा दिसणार नाही असं काही सेटिंग करता येईल का? तुमच्या हातात असेल तर."

आता नाही कसं म्हणायचं?

"अर्ज द्या," मी म्हटलं. "दोन प्रतींत."