होतच आलंय

सहकाऱ्यांनी मॅनेजरबद्दल द्यायचे निनावी अभिप्राय आज दुपारी हाती पडले. माझ्याबद्दलचं एक वाक्य असं : 'सारखं सारखं विचारतात, त्यामुळे कामाची लय बिघडते.' आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये माणसं पाच. सारखं विचारावं लागतं ते एकालाच. इतका नावगाव असलेला निनावीपणा दुसरा नसेल.

आणि विचारतो तरी काय? 'झालं का?' उत्तर येतं, 'होतच आलंय.' मराठी व्याकरणात या काळाची नोंद नाही. हा भूत नाही, वर्तमान नाही, भविष्य तर नाहीच. यात शिरलेलं काम तिथेच सुखाने नांदतं. तक्त्यात ते 'नव्वद टक्के' म्हणून लागतं. सोमवारी नव्वद, गुरुवारी नव्वद, तिसऱ्या आठवड्यातही नव्वद. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेचे टॉम कारगिल म्हणत की पहिल्या नव्वद टक्के कोडला ठरलेल्या वेळेचे नव्वद टक्के लागतात आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के. १९८५ मध्ये हे छापून आलं ते विनोद म्हणून. आम्ही त्याचं वेळापत्रक केलं.

खोट प्रश्नातच आहे. टक्के विचारले की टक्केच मिळतात. विचारायचं असं : काय काय उरलंय, आणि त्याला किती तास लागतील? कामाचे तुकडे दोन दिवसांहून मोठे ठेवायचे नाहीत. तुकडा 'संपला' म्हणजे काय तेही आधीच लिहायचं : कोड दुसऱ्याने तपासला, चाचण्या पास झाल्या, सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये, म्हणजे मुख्य शाखेत, गेला. तोवर शून्य, मग एकदम शंभर. अधलंमधलं काही नाही. सारख्या मापाच्या दहा तुकड्यांपैकी आजवर आठ व्हायला हवे होते आणि चार झाले, तर वेळापत्रकाचा निर्देशांक चार भागिले आठ, म्हणजे ०.५. संपला वाद.

तरीही गाडी अडलेली असेल तर चिडण्याआधी बघायचं : याला येत नाही, करायचं नाही, की करू दिलं जात नाही? तिसरं निघालं की मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा होतो. टेस्ट सर्व्हरचा अ‍ॅक्सेस मागून नऊ दिवस झालेले असतात आणि मंजुरी त्याच्याच इनबॉक्समध्ये लोळत असते. किंवा माणूस कागदावर दोन प्रोजेक्टांत निम्मा-निम्मा असतो. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या मीटिंगांना अख्खा आणि कामाला पाव. येत नसेल तर जाणकाराशेजारी जोडीने बसवावं. करायचंच नसेल तर दार लावून, विशेषणं बाहेर ठेवून बोलावं. 'तू निष्काळजी आहेस' यावर तासभर वाद होतो. 'बारा तारखेचं काम एकोणीसला आलं, त्यात तीन चाचण्या फेल' यावर होत नाही. आणि त्याच दिवशी चार ओळींची मेल टाकावी.

मेल नसली की काय होतं? एचआरच्या मॅडम होतात.

"लेखी काही आहे का, सर?"

"तक्ता आहे. तीन आठवडे नव्वद टक्के."

"अय्या, नव्वद? छान आहे की!"

"मॅडम, ते मार्क नाहीत."

"मग काय आहेत?"

"काम किती झालं ते."

"म्हणजे नव्वद टक्के झालंय." मॅडमनी लिहून घेतलं. "आणि तक्रार काय आहे?"

मी पाणी प्यायलो. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"गेल्या वार्षिक आढाव्यात तुम्हीच लिहिलंय बघा. 'मेहनती, होतकरू, अपेक्षेपेक्षा सरस.' सही तुमचीच ना?"

माझीच होती. शेवटची तारीख होती, पाच फॉर्म होते, आणि खरं लिहिलं तर अर्धा तास समजावत बसावं लागलं असतं. तो अर्धा तास वाचवला. होतकरू! या शब्दातही 'होत' आहेच, हे तेव्हा दिसायला हवं होतं.

पुढे उरते सुधारणा योजना. ती बहुधा ३०, ६० किंवा ९० दिवसांची. मोजता येतील अशी दोन-तीनच उद्दिष्टं, दर आठवड्याला बैठक, प्रत्येक बैठकीची नोंद. ती सुरू करायची त्याच्या विभागप्रमुखाने, कारण मॅट्रिक्स रचनेत, म्हणजे माणूस विभागाचा आणि काम प्रोजेक्टचं अशा व्यवस्थेत, पगार, रजा, बढती त्यांच्या हाती. प्रोजेक्ट मॅनेजरच्या हाती फक्त उशीर. विभागप्रमुख म्हणतात, "त्यापेक्षा अजून एक माणूस घे." रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी रखडतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगितलं. पाच जणांत बोलण्याच्या जोड्या दहा, सहा जणांत पंधरा. नव्याला शिकवायचं कोणी? जी आधीच याचं काम उचलतेय तिनेच. सगळ्यात चीड येते ती इथे. न करणाऱ्याचं काम गुपचूप करणारीकडे सरकतं, ती उशिरापर्यंत थांबते, तिच्याबद्दल कुठलाही फॉर्म उघडत नाही, आणि राजीनामा मात्र तिचाच येतो.

त्याला क्रिटिकल पाथवरून, म्हणजे जिथला उशीर अख्ख्या प्रोजेक्टचा उशीर होतो त्या कामांवरून, काढून ज्या कामाला आठ-दहा दिवसांची सवड आहे तिथे हलवता येतं. कारण मात्र तोंडावर सांगावं लागतं. नाहीतर त्याला ती बढती वाटते.

संध्याकाळी मॅडमची मेल आली. अभिप्राय वाईट असलेल्या मॅनेजरांनी आपला स्वतःचा सुधारणा आराखडा आजच भरायचाय. त्यात 'प्रगती, टक्क्यांत' असा रकाना आहे. नियमाप्रमाणे मी शून्य टाकलं. फॉर्म पुढे सरकेना. शंभर टाकलं, तर पुरावा जोडा म्हणाला.

नव्वद लगेच घेतलं.