पैसे बंद पडले म्हणजे बोगस होते? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला, तिसऱ्यांदा. तुमच्याकडेही फिरत फिरत आलाच असेल. थोडक्यात असं, की निराधार योजनेत ज्यांचे पैसे बंद झाले ते सगळे बोगस होते, आधार लावलं आणि चोर सापडले. खऱ्या दिव्यांगाचा एक रुपया अडत नाही आणि अडलाच तर एक फॉर्म भरला की पंधरा दिवसांत चालू. शिवाय महिना अडीच हजार, फुकट रेशन, फुकट एसटी, एवढं देशात कुठलंच राज्य देत नाही. आणि शेवटी, घरात धडधाकट माणूस असेल तर त्याने कमवून खायला घालावं, टॅक्स आम्ही भरतो. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

मी आधी दोन वेळा गप्प बसले. या वेळी तो मेसेज माझ्या आधी माझ्या भावाने वाचला. तो ३१ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे म्हणजे मेंदूमुळे स्नायूंवर ताबा नाही, सर्टिफिकेटवर ८५ टक्के अपंगत्व, चालता येत नाही, बोलणं बाहेरच्यांना कळत नाही पण डोकं माझ्यापेक्षा तेज आहे, फोन उशीला टेकवून बोटाच्या सांध्याने स्क्रोल करतो. "ताई, मी बोगस" म्हणाला आणि हसत सुटला, हसताना त्याचं अख्खं अंग कडक होतं ते वेगळंच. म्हणून लिहितेय. आमच्याकडे त्याचे पैसे गेल्या वर्षी मार्च ते सप्टेंबर सात महिने आले नव्हते.

आता पहिला मुद्दा, बंद झाले म्हणजे बोगस. डिसेंबर २०२४ पासून संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या राज्याच्या पेन्शन योजनांचे पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट लाभार्थ्याला, यायला लागले. त्याच्या आधी योजनेच्या कार्यालयातून बँकेत यादी जायची आणि खाते नंबरावर पैसे पडायचे, आता पैसे आधार नंबरावर पडतात, आणि आधार कुठल्या खात्याकडे बोट दाखवतंय ते एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले पैसे इकडून तिकडे फिरवणाऱ्या संस्थेच्या, यादीत असतं. इथेच सगळी गंमत आहे. बँकेत विचारलं की काउंटरवरची बाई म्हणते आधार लिंक आहे हो, आणि ती खोटं बोलत नसते, कारण केवायसीसाठी आधार जोडलेलं असणं वेगळं आणि पैसे यायला सीडिंग झालेलं असणं वेगळं, पण हे दोन्हीला लोक लिंकच म्हणतात. आमच्या केसमधे भावाचं आधार बोट दाखवत होतं एका जुन्या खात्याकडे, जे बाबांनी त्याच्या शाळेच्या स्कॉलरशिपसाठी काढलेलं आणि जे कित्येक वर्षं बंद पडलंय. पैसे तिकडे जायचे आणि परत फिरायचे. आम्हाला कोणी कळवलं नाही, कळवणार कसं, आधारला मोबाइल नंबर आईचा आणि आई जाऊन तीन वर्षं झाली, सिम कधीच बंद.

बरं मग नंबर बदल. तेव्हा नंबर बदलायला ओटीपी चालत नव्हता, सेंटरवर जाऊन बोटं द्यावी लागायची. भावाची बोटं आत वळलेली आहेत, उघडून मशीनवर दाबून धरायची म्हणजे दोन माणसं लागतात आणि तरी ठसा उमटत नाही. डोळ्याचं मशीन लावलं तर मान स्थिर राहत नाही. अशा माणसांसाठी अपवादाची सोय आधारच्या नियमांतच आहे, पण तिथल्या मुलाला ती माहीत नव्हती, तो म्हणाला ताई परत घेऊन या, सकाळी सर्व्हर चांगला असतो. परत घेऊन या!! आम्ही पेठेत जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो, लाकडी जिना, धरायला दोर. त्याला खाली उतरवायला मंडळाची दोन पोरं बोलवावी लागतात आणि ती पोरं कामाला जातात त्यामुळे सकाळचा चांगला सर्व्हर आणि पोरं मोकळी असणं हे जुळायला एक महिना गेला.

आता बोगस असतात का तर असतात, मी नाही म्हणत नाही. २०२४ मधे आपल्या पुण्यातच एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याचं प्रकरण गाजलं, दिव्यांग सर्टिफिकेटवरून, शेवटी त्या वर्षीच्या जुलैच्या शेवटी यूपीएससीने उमेदवारी रद्द केली. तेव्हापासून मी बघतेय, रिक्षावाला सुद्धा सर्टिफिकेट म्हटलं की हसतो. पण ज्याला खोटा कागद करायचाय त्याच्याकडे ओळख असते, गाडी असते, वेळ असतो, त्याचं आधार लख्ख अपडेट असतं, त्याच्या बोटांचे ठसे एका सेकंदात उमटतात! ही चाळणी ज्याची बोटं उघडत नाहीत त्याला बाहेर काढते. अपात्र ठरवून नाव काढलं असेल तर तसं कारण नोंदलेलं असतं, ते विचारा, आमच्या नावापुढे कुठेही अपात्र नव्हतं, फक्त पेमेंट फेल.

दुसरं, एक फॉर्म आणि पंधरा दिवस. ज्याने हे लिहिलं त्याने तो फॉर्म बघितलेला नाही. मी कॅलेंडरवर खुणा केल्यात, अकरा खेपा, त्यातल्या चार भावाला घेऊन, नुसती रिक्षाच अठराशेच्या पुढे गेली. कार्यालय म्हणे बँकेत जा, बँक म्हणे आधार सेंटरला जा, आधारवाला म्हणे आमचं इथे सगळं बरोबर दिसतंय तुम्ही कार्यालयात विचारा. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर होता हो, तेच तर. बँकेत एकाने भावासमोरच मला विचारलं, यांना कळतं का काही? भावाने मान हलवली, जोरात. साहेबांना ते आकडी वाटलं बहुतेक.

शेवटी सुटलं कसं ते सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं पण त्याला पण ओटीपी लागतो, म्हणून आधी नंबरचं काम करणं भाग होतं. आधारच्या हेल्पलाइनला, १९४७ वर, फोन करून घरी येऊन अपडेट करायची विनंती टाकली, ते एकदाचे आले. मग चालू खात्याच्या बँकेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म दिला, नुसतं तोंडी सांगून उपयोग नाही, फॉर्म द्या आणि झेरॉक्सवर शिक्का घ्या. कार्यालयातही तेच, अर्ज दोन प्रतीत, एकीवर पोच. पोच मागितली की समोरच्याचा आवाज खाली येतो हा माझा अनुभव. तरी हललं नाही तेव्हा माहिती अधिकारात एका ओळीचा अर्ज टाकला, अमुक लाभार्थ्याचं पेमेंट कुठल्या महिन्यापासून कुठल्या कारणाने परत गेलं, बस एवढंच. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आम्हाला सव्विसाव्या दिवशी आलं. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, तिथे तक्रार टाकायची तयारी ठेवली होती, पण तोपर्यंत काम झालं.

अडीच हजार, फुकट रेशन, फुकट एसटी. अडीच हजार हे ऑक्टोबर २०२५ पासून. त्याच्या आधी १५००, आणि जुलै २०२३ च्या आधी १०००. ज्या दिवशी रक्कम वाढल्याची बातमी आली त्या दिवशी आमच्या खात्यात बॅलन्स होता एकशे बारा रुपये, मामाने फोन करून अभिनंदन केलं. एसटी फुकट आहे ती ७५ वर्षांच्या पुढच्यांना, दिव्यांगांना तिकिटात सवलत असते, आणि मला एक सांगा लाल डब्यात त्याला चढवणार कोण आणि जाणार कुठे. रेशन खरंय, माणशी ५ किलो, दोघांचं मिळून १० किलो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोठ्यांचा डायपर एक पस्तीस-चाळीस रुपयाला पडतो आणि दिवसाला तीन लागतात, करा गुणाकार.

देशात कुठेच एवढं देत नाहीत हे तर सरळ चूक आहे. आंध्रात जुलै २०२४ पासून दिव्यांगांना महिना ६००० आहे आणि पूर्ण अंथरुणाला खिळलेल्यांना १५०००. केंद्राचा दिव्यांग पेन्शनमधला वाटा मात्र २०१२ पासून ३०० रुपयांवरच आहे, त्याला पण बीपीएल आणि ८० टक्के अपंगत्व पाहिजे. आणि आपल्याकडे ही मेहेरबानी नव्हे बरं का, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मधे लिहिलंय की अशा योजनांत दिव्यांगाला इतरांपेक्षा निदान २५ टक्के जास्त द्यायचे. तरी जुलै २०२३ पासून ऑक्टोबर २०२५ ची वाढ होईपर्यंत सगळ्यांना सरसकट १५०० च होते.

आता शेवटचा, घरात धडधाकट माणूस आहे ना मग कमवा. हा मला सगळ्यात जास्त लागला कारण ती धडधाकट मीच. आई होती तोपर्यंत मी एका ऑफिसात अकाउंटला होते. आता चार डबे करते, सगळा खर्च वजा जाऊन महिन्याला साडेतीन-चार हजार राहतात. पाचवा डबा का घेत नाही, तर सकाळी सहा ते दहा भावाचं असतं, तोंड धुणं, संडास, अंघोळ, कुशी बदलणं, भरवायला एक तास कारण घाईत ठसका लागतो आणि ठसका छातीत गेला तर दवाखाना. बाई ठेवायची तर दिवसाला ती जेवढं मागते तेवढं मला दिवसाला मिळत नाही. आणि समजा ठेवली, गेले नोकरीला, तर काय होतं बघा. दिव्यांगांसाठी या योजनेला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत लागतं. महिन्याला ४,१६६ रुपये. इतरांना तर २१,०००. शहरात केशरी रेशनकार्डावर धान्य मिळायला मर्यादा ५९,००० आणि लाडकी बहीण अडीच लाख. म्हणजे मी महिना पाच हजार कमावले की लाडकी बहीण राहते आणि अपंग भाऊ बाद. (हो, मला लाडक्या बहिणीचे १५०० येतात, लपवत नाही. ते माझ्या नावाचे, याचे याच्या नावाचे.) कमवा म्हणणाऱ्यांनी आधी हे गणित बघावं, कमावलं की बंद आणि नाही कमावलं तर फुकटे.

त्याच कलम २४ मधे जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगाच्या काळजीवाहकाच्या भत्त्याचाही उल्लेख आहे. केरळात आश्वासकिरणम् म्हणून योजना आहे, अंथरुणावरच्या माणसाचं करणाऱ्याला महिना ६०० रुपये. ६०० काही फार नाहीत पण कुणीतरी हे काम आहे असं कागदावर मान्य तरी केलं.

आणि टॅक्सचं म्हणाल तर त्या डायपरवर आम्हीही भरतो.

ते सात महिने कसे काढले असं वहिनीने त्याच ग्रुपवर विचारलं, तेवढं सांगते. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायचे ते आधी बंद केले, त्याने गुडघे जे आखडले ते अजून पूर्वीसारखे झाले नाहीत. डायपर फक्त बाहेर जाताना, घरी आईच्या जुन्या सुती साड्या फाडून. भिशीचा नंबर मला दिवाळीत होता तो जूनमधे मागून घेतला, किराणावाल्या काकांची वही भरली, ते एका शब्दाने बोलले नाहीत. बांगडी एक गहाण ठेवलीय, अजून तिथेच आहे.

सातपैकी दोन महिन्यांचे पैसे नंतर एकदम आले, पाच महिन्यांचे यायचेत. ते विचारायला मंगळवारी जाणार आहे, सोमवारी तिथे उभं राहायला जागा नसते. पोच घेतलेली झेरॉक्स पिशवीत घालून ठेवलीय. भाऊ म्हणतोय जाताना तो मेसेज पण प्रिंट करून ने, साहेबांना दाखव, पंधरा दिवसांत होतं म्हणे.